ध्रुवावरचा वारा, दर शंभर मिनिटांनी

"अरे, पण माझ्या मशीनवर तर चालतंय!" हे वाक्य एकदाही न ऐकलेला सॉफ्टवेअरवाला मला अजून भेटायचाय. आजची गोष्ट ज्यांची आहे, त्यांच्या मशीनवर २००१ साली वारा चालत होता. तोही थेट ध्रुवांवरचा. तो तिथून उठून जगाच्या रोजच्या हवामान अंदाजात कसा गेला, ते सांगायचंय.

उद्याचा अंदाज काढायचा तर आत्ता सगळ्या पृथ्वीवर हवा कशी आहे, हे आधी कॉम्प्युटरला सांगावं लागतं. एका कोपऱ्यातली माहिती चुकली तर ती चूक त्या कोपऱ्यात गप्प बसत नाही, चार-पाच दिवसांत वाहत वाहत दुसऱ्याच्या दारात येते. वरच्या थरांतला वारा मोजायला जमिनीवरून रोज फुगे सोडतात. पण आर्क्टिक म्हणजे मुळात समुद्र, त्यावर सरकणारं बर्फ. तिथे फुगा सोडायला उभं कोण राहणार? सोव्हिएत लोकांची तरंगत्या बर्फावरची केंद्रं होती, ती १९९१ मध्ये थांबली आणि पुन्हा सुरू व्हायला २००३ उजाडलं. अंटार्क्टिकावरची ठाणीही बहुतेक किनाऱ्याकाठची. थोडक्यात, नकाशाला वर आणि खाली अशी दोन मोठी भोकं.

ढगांवरून वारा मोजायची कल्पना मात्र जुनी आहे. डिसेंबर १९६६ मध्ये नासाने एटीएस-१ हा उपग्रह सोडला, त्यावर विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या व्हर्नर सुओमींचा कॅमेरा होता. उपग्रह स्वतःभोवती गरगर फिरायचा आणि कॅमेरा प्रत्येक गिरकीला पृथ्वीची एक ओळ टिपायचा. ओळी जोडल्या की चित्र तयार. हा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरणारा, त्यामुळे खालचा देखावा जागच्या जागी. हलतात ते फक्त ढग. दोन फोटोंत तोच ढग शोधा, किती सरकला ते मोजा, मधल्या वेळाने भागा. झाला वारा! शिकागोच्या टेड फुजितांनीही (हो, टोर्नेडोच्या एफ-स्केलवाले तेच) सुरुवातीच्या काळात यावर बरंच काम केलं.

अडचण एकच. हे उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर, ३६ हजार किलोमीटर उंचीवर. तिथून ध्रुवाकडे बघणं म्हणजे भिंतीला गाल चिकटवून फळा वाचण्यासारखं. साधारण ६० अंश अक्षांशाच्या पलीकडचं धड काही दिसत नाही.

मग ध्रुवांवरून जाणारे उपग्रह का नाही वापरायचे? ते होतेच की. पण ते खालून-वर, वरून-खाली सतत पळत असतात आणि त्याच गावावर परत यायला बारा-बारा तास लावतात. तोवर ढग कुठल्या कुठे गेलेला असतो. गंमत अशी की हा हिशेब पुण्या-मुंबईला लागू आहे, ध्रुवाला नाही. छत्रीच्या काड्या आठवा. कडेला त्या एकमेकींपासून लांब असतात, टोकाशी सगळ्या एकत्र येतात. उपग्रहाची प्रत्येक फेरी ध्रुवाजवळून जाते, म्हणून तिथला तोच तुकडा साधारण १०० मिनिटांनी पुन्हा दिसतो. हे कोणाला सुचलंच नव्हतं असं नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या उपग्रहांची चित्रं घेऊन असे प्रयोग झाले होते, पण ते प्रयोगच राहिले.

१८ डिसेंबर १९९९ ला नासाचा टेरा उपग्रह वर गेला, मोडिस नावाचं उपकरण घेऊन. ३६ चॅनेल्स, २,३३० किलोमीटर रुंदीचा पट्टा. यातला एक चॅनेल ६.७ मायक्रॉनचा, म्हणजे बाष्पाचा. हा आपल्या गोष्टीतला हुकमाचा एक्का. कारण ढग नसले तरी हवेतल्या बाष्पाचे पुंजके यात दिसतात आणि वाऱ्याबरोबर सरकतानाही दिसतात.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावात, सुओमींच्याच विद्यापीठात, जेफ की (हे तिथे बसणारे नोआचे, म्हणजे अमेरिकी हवामान-सागर संस्थेचे), डेव्हिड सँटेक आणि ख्रिस वेल्डन यांनी जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते मोडिसच्या चित्रांवर चालेल असं वळवलं. दोन चित्रांमधला वेळ पंधरा-तीस मिनिटांऐवजी शंभर मिनिटं. शिवाय प्रत्येक वेळी बघण्याचा कोन वेगळा. म्हणून लागोपाठच्या तीन फेऱ्या घ्यायच्या, त्यातून दोन वेग काढायचे आणि ते एकमेकांशी जुळत नसतील तर टाकून द्यायचे.

पण खरं दुखणं उंचीचं होतं. वारा ताशी ८० किलोमीटर आहे हे कळून उपयोग नाही, कुठल्या थरात आहे तेही सांगावं लागतं. ढगाचं तापमान मोजायचं आणि हवेत ते तापमान कुठल्या उंचीवर असतं ते बघायचं, अशी पद्धत. वर जाल तसं थंड होतं, म्हणून हे जमतं. ध्रुवीय हिवाळ्यात मात्र जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षाही गार असते. म्हणजे एका तापमानाला दोन उंच्या! त्यात ढग पातळ असला तर खालच्या बर्फाचं प्रारण आरपार येऊन आकडा आणखी बिघडवतं. हा प्रश्न पूर्ण सुटला असं आजही म्हणवत नाही.

तरी ५ मार्च ते ३ एप्रिल २००१ अशा तीस दिवसांचे वारे त्यांनी काढले आणि इंग्लंडमधल्या रेडिंगच्या युरोपीय हवामान केंद्राला आणि नासाच्या मॉडेलवाल्यांना दिले. एकदा हे वारे घालून अंदाज काढायचा, एकदा न घालता. दोन्हीकडे सुधारणा दिसली, आणि नुसत्या ध्रुवावर नाही तर उत्तर गोलार्धातही.

टाळ्या. पेपर. इथे बहुतेक गोष्टी संपतात. मी स्वतः एका कंपनीत (नाव नको) सहा महिने खपून केलेला डेमो "रात्री दोनला फोन कोण उचलणार" या एका प्रश्नावर जागीच बसलेला पाहिलाय. अमेरिकेत २००० साली नॅशनल रिसर्च कौन्सिलने हवामान उपग्रहांचं संशोधन रोजच्या वापरात का येत नाही यावर एक अख्खा अहवाल काढला होता. त्याच्या नावातच 'मृत्यूची दरी' आहे! अलीकडे संशोधक, पलीकडे रोजचा अंदाज काढणारे, आणि मधल्या खड्ड्यासाठी कोणाच्याच बजेटमध्ये पैसे नाहीत.

मॅडिसनवाल्यांनी काय केलं, तर वारे रोज काढायला लागले. तीस दिवसांचे नाही. रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. प्रत्येक वाऱ्याला गुणवत्तेचा आकडा चिकटवला, म्हणजे घेणाऱ्याने आपल्या बेताने चाळणी लावावी. फाइल्स बफर या सगळ्या हवामान केंद्रांना कळणाऱ्या फॉरमॅटमध्ये दिल्या. पेपरात यातल्या कशालाच किंमत नसते, आणि माझ्या मते खरा पराक्रम हाच. रेडिंगवाल्यांनी आधी हे वारे नुसते बाजूला ठेवून मॉडेलशी ताडून पाहिले, जमिनीवरचे खालच्या थरातले सरळ गाळले आणि जानेवारी २००३ मध्ये उरलेले रोजच्या अंदाजात घेतले. पेपर जर्नलमध्ये छापून आला तो त्यानंतर! पुढच्या काही वर्षांत जपान, कॅनडा, ब्रिटन आले. ज्या अमेरिकेत हे सगळं शिजलं, तिथल्या राष्ट्रीय अंदाज केंद्राने युरोपनंतरच ते पानात वाढून घेतलं. घर की मुर्गी, दुसरं काय.

एक दुखणं उरलं होतं: उशीर. तीन फेऱ्या, मग डेटा जमिनीवर उतरणार, मग प्रक्रिया. यात काही तास जात. मॉडेल काही कोणासाठी थांबत नाही. ७:४२ ची लोकल गेली की गेली. यावर उपाय असा की उपग्रह जाता जाता जे प्रसारित करतो ते तिथल्या तिथे पकडायचं. २००५ पासून अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो तळावर, आणि मग नॉर्वेतलं ट्रॉम्सो, फिनलंडमधलं सोदानक्युला, अलास्कातलं फेअरबँक्स इथे ही सोय झाली.

आता यातली मेख. टेरा आणि २००२ मध्ये आलेला त्याचा भाऊ अ‍ॅक्वा, दोघेही संशोधनाचे उपग्रह. सहा वर्षांच्या आयुष्यासाठी बांधलेले, आणि ते गेले तर जागा भरायची हमी कोणाचीच नाही. सगळं जग उसन्या भांड्यात स्वयंपाक करत होतं म्हणा ना. ते दोघे वीस-वीस वर्षांहून जास्त टिकले ही नशिबाची गोष्ट. ऑक्टोबर २०११ मध्ये पुढच्या पिढीचा उपग्रह गेला, त्याला नाव दिलं सुओमी एनपीपी. ढगांवरून वारा मोजायची सोय ज्यांच्या कॅमेऱ्याने केली, त्यांचं नाव! आणि त्यावरच्या विअर्स या कॅमेऱ्यात नेमका बाष्पाचा चॅनेल नव्हता. त्यातून ध्रुवीय वारे काढतात, पण फक्त ढगांचे. निरभ्र आकाशातले वारे त्याला दिसत नाहीत.

तो चॅनेल ज्यात आहे असा नवा, रोजच्या कामासाठीच बांधलेला युरोपीय कॅमेरा, मेटइमेज, मेटॉप-एसजी-ए१ बरोबर वर गेला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. मॅडिसनच्या त्या तीस दिवसांनंतर चोवीस वर्षांनी.