रविवार कोणामुळे मिळाला?

दरवर्षी १० जून जवळ आला की मोबाईलवर मेसेज फिरू लागतात, "रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे मिळाली". अर्धं खरं आहे हो. सरकारी कचेऱ्यांत साहेबांचा रविवार आधीपासून होताच. नव्हता तो गिरणीत!

मुंबईच्या गिरण्या तेव्हा उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. १८८१ च्या कायद्याने लहान मुलांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, मोठ्यांना काहीच नाही. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले, 'दीनबंधू'चे संपादक, जोतीरावांचे सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी परळला सभा घेतली. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या. अर्धा तास मागायला एवढ्या सह्या! पुढे २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार माणसं जमली आणि १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला. १८९१ मध्ये कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमची नात. ती म्हणते, "आजी, मला बर्नआउट झालंय." हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या लेखातून रूढ केला. दिवसाचं काम आटोपून ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबत. तिथे उत्साहाने आलेले लोक कसे विझत जातात ते त्यांनी पाहिलं, स्वतःही अनुभवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याच्या तीन खुणा सांगितल्या. अंगात त्राण न उरणं, कामावरून मन उडणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. साधा थकवा रात्रीच्या झोपेने जातो, हा जात नाही. हा आजार नव्हे, कामाच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम, असंही त्यांनी म्हटलंय. मला हे फार पटलं. नातीला योगासनं सुचवणारे खूप भेटतात, "तुझं काम किती आहे?" असं विचारणारा एखादाच. लोखंड्यांनी कामगारांना धीर धरा असं सांगितलं नाही, तास मोजले.

असो. १८९० च्या त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. त्यांचा रविवार कसा गेला असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. आम्हा शिक्षिकांचा रविवार म्हणजे दळण, निवडणं आणि पेपरांचे गठ्ठे. सोमवारी वर्गात पाऊल टाकायलाही जिवावर यायचं. शेवटी एकदा घरात सांगून टाकलं, रविवारी रात्री मी स्वयंपाकघरात येणार नाही. तेव्हापासून यजमानांनी खिचडी टाकायला सुरुवात केली. कधी करपायची, कधी अळणी. पण आयती!