पेटी उघडण्यापूर्वी



इंदूरच्या मल्हारगंजात, जेथे मी शिकवतो त्या शाळेत, संगणकाची एक लहानशी खोली आहे. पूर्वी तेथे भिंतीवरचे नकाशे आणि कवायतीचे साहित्य ठेवीत असत. २००९ सालच्या जानेवारीतील एका दुपारी मी या खोलीतील एका संगणकाची पेटी उघडली, तीत स्मृतीची, म्हणजे ज्याला बाजारात 'रॅम' म्हणतात त्याची, एक नवी पट्टी बसविली आणि पेटी पुन्हा बंद केली. काम सारे दहा मिनिटांचे. परंतु त्या दहा मिनिटांत आपण नेमके काय काय केले, हे मला पुढे कित्येक महिने आठवत बसावे लागले. ती हकीकत मी आज सांगणारच आहे. तत्पूर्वी, संगणकाची पेटी उघडून तीत भर घालण्याचा हा अधिकार तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य माणसाच्या हाती आला कसा, त्याचा इतिहास थोडा पाहू.

आपल्या देशात घडविलेला पहिला मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. श्री. रं. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण अभियंत्यांनी १९५६ साली त्याचे प्रायोगिक रूप चालवून दाखविले, १९६० साली पूर्ण यंत्र सुरू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्यात निर्वात नळ्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसले व्हॉल्व्ह, होते २,७००. त्याशिवाय १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक. एवढ्या सरंजामाची स्मृती किती, तर ४० अंकी २,०४८ शब्दांची. हिशेब केला तर ती दहा किलोबाइट भरते. मी आमच्या शाळेच्या पेटीत बसविली ती करंगळीएवढ्या रुंदीची पट्टी ५१२ मेगाबाइटची होती. म्हणजे टिफ्रॅकच्या स्मृतीच्या पन्नास हजार पटींहून अधिक. आणि तीही त्या काळी जुन्या वळणाचीच समजली जात होती.

व्हॉल्व्हच्या यंत्राची दुरुस्ती करणाऱ्याला यंत्राची काळजी फारशी नसे. काळजी असे ती स्वतःच्या जिवाची. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्टचा दाब लागतो. म्हणून जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांत एक शिरस्ता होता, की चालू संचात हात घालावयाचा तर दुसरा हात खिशात ठेवावयाचा. दोन्ही हात आत असले आणि चुकून स्पर्श झाला, तर प्रवाह एका हातातून शिरून छातीमार्गे दुसऱ्या हातातून बाहेर पडतो. एक हात खिशात असला म्हणजे निदान हृदय वाटेत येत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतले एक रेडिओवाले असेच काम करीत. ते ऐटीने उभे आहेत असे आम्हां मुलांना वाटे!

पुढे ट्रान्झिस्टर आले, १९७० च्या सुमारास एका सिलिकॉनच्या कपचीवर हजारो ट्रान्झिस्टरांची स्मृती आली आणि दाब शेकडो व्होल्टांवरून बारा व पाच व्होल्टांपर्यंत उतरला. माणसाचे भय गेले. यंत्र लहान झाले, स्वस्त झाले आणि १९७५ साली अमेरिकेत 'अल्टेअर' नावाचा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने हौशी लोकांना टपालाने मिळू लागला. त्याच्या पेटीत एकाच जातीच्या खाचांची रांग होती. ज्याला जी जोड हवी तिचा फलक त्याने त्या खाचेत रोवावा. १९७७ च्या 'ॲपल टू' मध्ये अशा आठ खाचा होत्या. त्या आठच का, यावरून त्याचे दोन जनक स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्स यांच्यात वाद झाला होता. जॉब्स म्हणत, दोन पुरे. एक छपाईयंत्रासाठी, एक दूरध्वनीच्या जोडणीसाठी. वॉझ्नियाक आठांवर अडून बसले आणि त्यांचेच खरे झाले. मला स्वतःला हा वाद त्या यंत्राच्या वेगाहून महत्त्वाचा वाटतो. विकत घेतलेली वस्तू विकत घेणाऱ्याने पुढे बदलावी की नाही, हाच त्यातला प्रश्न होता. आणि आजच्या डकवून बंद केलेल्या लॅपटॉपांकडे पाहता तो मिटला आहे असे म्हणवत नाही.

१९८१ च्या ऑगस्टात आयबीएम या बलाढ्य कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा तीत पाच खाचा ठेवल्या आणि, विशेष म्हणजे, विद्युत्-मंडलांचे आराखडे पुस्तकरूपाने विक्रीस ठेवले. त्या आराखड्यांवरून इतरांनी हुबेहूब यंत्रे केली आणि सुट्या भागांची एक जगव्यापी बाजारपेठ उभी राहिली. आपल्याकडे हे वारे उशिरा पोहोचले. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले. त्याच सुमारास 'क्लास' नावाच्या योजनेखाली देशातील अडीचशेच्या आसपास शाळांना ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक देण्यात आले. पुढे १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला, सुट्या भागांवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, आमच्या इंदुरात सिल्व्हर मॉल, अशा ठिकाणी 'असेंबल्ड' यंत्रांचा व्यापार फोफावला. कंपनीचे यंत्र परवडत नसे त्या शाळांचे व घरांचे संगणकशिक्षण या जोडकामावरच झाले आहे, हे मान्य केले पाहिजे.

जोडणाऱ्याच्या चुकाही त्याबरोबर आल्या. आरंभीच्या आयबीएम यंत्रात नवी स्मृती बसविली की किती बसविली हे इवल्याशा खटक्यांनी यंत्राला सांगावे लागे. वीज देणाऱ्या दोन तारजोड्या शेजारी शेजारी असत आणि त्या अदलाबदल होऊन बसत. काळ्या तारा मध्ये, एकमेकींच्या शेजारी आल्या पाहिजेत, हा मंत्र प्रत्येक कारागिराला पाठ असे. ज्याला नसे, त्याचा मुख्य फलक पहिल्याच दिवशी धूर सोडी. वीजपुरवठ्याच्या डब्यावर मागे एक लाल खटका असे, एका बाजूस ११५ आणि दुसऱ्या बाजूस २३० लिहिलेला. अमेरिकेसाठी ११५, आपल्यासाठी २३०. तो चुकून ११५ वर राहिला आणि कळ दाबली, की बंदुकीसारखा आवाज होई. हा आवाज मी ऐकला आहे. खोलीतील चाळीस मुले एकदम बाकाखाली गेली होती.

या अनुभवांतून पुढील पिढीच्या रचनाकारांनी शहाणपण घेतले. स्मृतीच्या पट्टीला मध्यभागापासून किंचित बाजूला एक खोबण ठेवली, म्हणजे ती उलटी बसूच नये. १९९५ च्या सुमारास विजेची दोन तोंडे एक झाली आणि तिला आकाराची खूण आली. खटक्यांचे काम यंत्र स्वतःच करू लागले. जोडणीचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे यूएसबी. त्याचा पहिला आराखडा १९९६ साली प्रसिद्ध झाला. इंटेल कंपनीत तो घडविणाऱ्या गटाचे एक प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. होळकरांच्या गावच्या माणसाने गायकवाडांच्या विद्यापीठाचे नाव अभिमानाने घ्यावे, असे प्रसंग थोडेच येतात. मी तो सोडीत नाही.

एक शत्रू मात्र खोबणीने अडत नाही. तृणमणी लोकरीवर घासला की तो गवताची काडी ओढून घेतो, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. तृणमण्याच्या त्यांच्या नावावरूनच 'इलेक्ट्रॉन' शब्द आला. तीच स्थिर विद्युत हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना चटचटते. ३,००० व्होल्टांच्या आसपास दाब साचेपर्यंत आपल्या बोटाला ती जाणवतसुद्धा नाही. आणि सिलिकॉनच्या कपचीतील ऑक्साइडचा थर, जो मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही पातळ असतो, तो शंभर व्होल्टांच्या आतही फुटू शकतो. अगदी कोरड्या हवेत सतरंजीवरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब मोजला गेला आहे. दमट हवेत तोच दीड हजारावर येतो. पूर्वी यंत्राने माणसाला धक्का देण्याचे भय होते, ते आता उलटले.

आता माझी हकीकत. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे एक वृद्ध शिक्षक दर शनिवारी येऊन त्या संगणकावर आपल्या आठवणी मला सांगून उतरवून घेत. हात कापत असल्याने त्यांना लिहिता येत नसे. मल्हारगंजातील वाडे, वाड्यांतील बिऱ्हाडे, गिरण्यांचे भोंगे, रंगपंचमीला टोरी कॉर्नरवरून निघणारी गेर. असे करता करता ११८ पाने झाली होती. त्यातील बिऱ्हाडांची यादी तर अपूर्व होती. कोणत्या वाड्यात कोण, कोठून आले, कोठे गेले. यंत्र मंद चाले, ते ताटकळत, म्हणून मी स्मृती वाढविण्याचे मनावर घेतले. अंगात लोकरी स्वेटर, पायांखाली कृत्रिम धाग्याची सतरंजी, जानेवारीतली माळव्याची कोरडी हवा. पट्टी मी सोनेरी दातांवर बोटे टेकवून धरली. ती खोबणीत 'कट्' करून बसली, यंत्र सुरू झाले आणि वेगाने चालूही लागले. आम्ही दोघांनी चहा घेतला.

रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात पाने उघडली तर मध्ये मध्ये अक्षरांच्या जागी खुणा दिसू लागल्या. मग फाईल उघडेचना. मेमटेस्ट नावाचा विनामूल्य परीक्षाक्रम रात्रभर चालविला, तेव्हा नव्या पट्टीत दोषांची रांग निघाली. यंत्र प्रत्येक वेळी मजकूर त्या स्मृतीत घेई, तीत काही अंक बिघडत, आणि आम्ही 'जतन करा' म्हटले की बिघडलेलेच तबकडीवर कोरले जाई. मी नक्कल ठेवली होती, परंतु ती मार्चात, त्याच यंत्रावरून काढलेली! पट्टी कारखान्यातूनच सदोष आली असेल, हे शक्य आहे. तरी मला तसे मनापासून वाटत नाही. स्थिर विद्युतेची जखम कित्येकदा तत्काळ मारीत नाही. कपची अर्धमेली होऊन आठवडेच्या आठवडे काम करते.

मी हे सांगावयास गेलो तेव्हा सर म्हणाले, "अहो मास्तर, पाने गेली, मी कोठे गेलो आहे?" आणि पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले.

शाळेसमोर राहणारे एक गृहस्थ हुकुमचंद मिलच्या कताईखात्यात होते. ती मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या रकमांचा प्रश्न सुटावयास २०२३ साल उजाडले. माझी कथा ऐकून ते हसले. "अहो, हे आमच्या खात्यात विचारायचे होते," ते म्हणाले. "हवा कोरडी पडली की सूत फुगते, चिकटते, तटातट तुटते. म्हणून वरून फवारे चालू असत. आम्ही दिवसभर ओल्या हवेत असायचो." संगणकाच्या पुस्तकातील एक अख्खे प्रकरण त्यांनी तीन वाक्यांत सांगितले.

तेव्हापासून आमच्या खोलीत पेटी उघडण्याची रीत ठरली आहे. आधी सर्व कामाची नक्कल दुसऱ्या यंत्रावर नेऊन, तेथे उघडून वाचून पाहावयाची. नक्कल केली एवढ्यावर समाधान मानावयाचे नाही. मग यंत्र बंद करून तार भिंतीतून काढावयाची, कारण अलीकडच्या यंत्रांत कळ बंद असली तरी पाच व्होल्ट फलकावर जागे असतात. तार काढल्यावर पेटीची कळ एकदा दाबावी, म्हणजे उरलीसुरली वीज खर्ची पडते. वीजपुरवठ्याचा डबा मात्र आम्ही कधीच उघडीत नाही; त्यातील संधारकात सुमारे ३२५ व्होल्ट तार काढल्यानंतरही काही काळ दबा धरून असू शकतात, आणि तेथे जुनेच भय खरे आहे. स्वेटर बाहेर काढून ठेवावा. पेटीच्या न रंगविलेल्या धातूला हात लावावा, आणि काम चालू असता पुनःपुन्हा लावावा. मनगटपट्टा मिळाला तर उत्तमच. तिच्या तारेत दहा लक्ष ओहमचा रोधक असतो. तो साचलेली वीज हळूहळू जाऊ देतो, आणि चुकून २३० व्होल्टला स्पर्श झालाच तर अंगातून पाव मिलिॲम्पियरहून कमी प्रवाह वाहू देतो. पट्टी कडांनी धरावी. ती ज्या रुपेरी पिशवीत येते त्या पिशवीवर चालू फलक ठेवू नये. पिशवीचा पृष्ठभाग वीजवाहक असतो, हे दुकानदारही विसरतात. स्क्रू मोजून वाटीत ठेवावे. एक कमी भरला, तर तो सापडेपर्यंत वीज जोडावयाची नाही, मग शाळा सुटली तरी चालेल. आणि नवी पट्टी बसली की परीक्षाक्रम रात्रभर चालवून मगच तीवर विश्वास टाकावयाचा.

सरांनी दुसऱ्यांदा सांगितलेल्या आठवणी ६४ पानांच्या भरल्या. गेर त्यात पूर्वीहूनही रंगून आली. बिऱ्हाडांची यादी मात्र सात वाड्यांपर्यंतच पोहोचली. पहिल्या वेळी ते एकवीस सांगून गेले होते. २०१० च्या पावसाळ्यात ते वारले. त्या पानांच्या आता चार प्रती आहेत, एक कागदावर.

यंदाच्या जानेवारीत नववीच्या मुलांनी त्याच खोलीत दोन यंत्रांची स्मृती वाढविली. सतरंजी मी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती आणि शिपाईमामांनी सकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली. पट्टी कोणी बसवावयाची यावरून मुलांत थोडी ओढाताण झाली. शेवटी ज्या मुलीने स्क्रू मोजले होते तिला ती दिली.