एक बाटली, १९ मृत्यू आणि हाफकिन

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून रोज किती जण केईएम नाहीतर टाटाला जायला परळला उतरतात. जवळच हाफकिन संस्था. नाव सगळ्यांना माहीत, माणूस फारसा नाही.

वाल्डेमार हाफकिन मूळचे ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ला भारतात आले. १८९६ला मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा त्यांना इथे धाडलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी तीनेक महिन्यांत लस केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले 'स्वेच्छेने' पुढे आलेले कैदी. (कैद्याची स्वेच्छा किती खरी, हा प्रश्न मला पडतोच.)

१९०२ला पंजाबातल्या मुल्कोवालला १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले! सरकारने खापर परळच्या प्रयोगशाळेवर फोडलं, हाफकिनना घरी बसवलं. खरं तर बाटली उघडायचा चिमटा तिथेच जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. तरी निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं, तेही रोनाल्ड रॉस वगैरे मंडळींनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लिहिल्यावर. परळची खुर्ची काही परत मिळाली नाही, पाठवलं कलकत्त्याला.

संस्थेला त्यांचं नाव दिलं १९२५ला. तोवर त्यांना भारत सोडून दहा वर्षं झाली होती.