नावांची वही कोणाच्या हाती?

पाकिटावर नुसते ‘मोहाडी’ लिहून ते टपालपेटीत टाकले, तर ते कोठे जाईल? भंडारा–तुमसर रस्त्यावरचे, तालुक्याचे ठिकाण असलेले मोहाडी वैदर्भीय वाचकांना ठाऊक आहेच. पण नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातही एक मोहाडी आहे आणि धुळे शहरालगतही आहे. म्हणून आपण गावापुढे तालुका, जिल्हा, राज्य लिहितो. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्याच्या जोडीला सहा आकडी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवीही होते. नाव माणसाच्या लक्षात राहते, आकडा यंत्रणेला सोयीचा पडतो. या दोहोंची जोडी लावणारी वही मात्र कोणीतरी सांभाळावी लागते.

संगणकांच्या जाळ्यातही हीच अडचण आली. प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो, पण माणसाला हवे असते नाव. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्याची नावे आणि क्रमांक यांची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी. (फाइनलरबाई मूळच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.) जाळे वाढले तशी ही एक यादी अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी उतरंडीची पद्धत मांडली. मुळाशी एक छोटी वही, तिच्याखाली देशांच्या व विषयांच्या वह्या, त्यांच्याखाली संस्थांच्या. म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यासारखीच रचना.

भारताच्या ‘.इन’ची नोंद १९८९ साली झाली आणि ही वही बराच काळ मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. नियम कडक होते; मागेल त्याला नाव मिळत नसे. २००४ पर्यंत जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली होती. २००५ मध्ये हे काम ‘निक्सी’ या संस्थेकडे गेले व नोंदणी सर्वांना खुली झाली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ आले आणि मराठीसह आठ भाषांना देवनागरीत पत्ता लिहिता येऊ लागला.

वही एकाच्या हाती असली की तो नाव नाकारू शकतो, काढून घेऊ शकतो. या अधिकाराविरुद्धची बंडेही जुनीच आहेत. जुलै १९९७ मध्ये युजीन काश्प्युरेफ याने, त्या वेळी नावे देणाऱ्या ‘इंटरनिक’ या संस्थेकडे निघालेल्या लोकांना स्वतःच्या ‘अल्टरनिक’ या पर्यायी नोंदणीकडे वळवले. नावांची उत्तरे तात्पुरती साठवून ठेवणाऱ्या संगणकांत त्याने खोटी उत्तरे घुसवली होती. लोकांनी पत्ता बरोबर लिहिला, तरी ते पोहोचले भलतीकडेच. पुढल्या वर्षी त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

दुसरी वाट निघाली २०११ मध्ये. ‘नेमकॉइन’ने ‘.बिट’ नावांची वही कोणा एका कारकुनाकडे न ठेवता, तिच्या प्रती सर्व सहभागी संगणकांवर ठेवल्या. झालेली नोंद एकट्याला खोडता येणार नाही, ही त्यातली खुबी. कल्पना आम्हांला आजही सुंदर वाटते. पण २०१५ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी तपासले, तेव्हा सुमारे १ लाख २० हजार नावांपैकी खरोखर वापरात असलेली व काही मजकूर असलेली निघाली अवघी २८! बाकीची अडवून ठेवलेली. जुहूच्या त्या कडक नियमांकडे यानंतर आम्ही जरा सहानुभूतीने पाहू लागलो. शिवाय खोडता न येणारे नाव फसवणूक करणाऱ्यालाही तितकेच सोयीचे. ‘ओपननिक’ या पर्यायी नोंदणी-गटाने २०१९ मध्ये ‘.बिट’ला दिलेला आधार याच कारणाने काढून घेतला.

आता मध्यस्थाकडे वळू. ‘.बिट’ किंवा २०१७ पासूनची ‘.ईथ’ ही नावे साध्या ब्राउझरला सहसा कळत नाहीत. त्यासाठी काही संकेतस्थळे मध्यस्थाचे, म्हणजे प्रॉक्सीचे काम करतात. ती विकेंद्रित वही वाचतात, मजकूर आणतात आणि आपल्यापुढे ठेवतात. गंमत अशी, की या मध्यस्थाचा स्वतःचा पत्ता जुन्याच उतरंडीतला असतो. ‘ईथ.लिंक’ हा असाच एक मध्यस्थ. २०२२ मध्ये या नावाची मुदत संपली. ते ज्यांच्या नावे होते ते गृहस्थ तेव्हा तुरुंगात होते. नाव विकले गेले आणि न्यायालयाच्या आदेशानंतरच परत मिळाले. ‘.ईथ’ची वही शाबूत होती, पण तिच्याकडे नेणारा पूल दुसऱ्याच्या मालकीचा झाला होता. त्या काळात नव्या मालकाने वाटसरूंना कोठे पाठवले असते, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर होते.

अशा मध्यस्थामार्फत केवळ वाचायला हरकत नाही. पण परवलीचा शब्द, बँकेचा तपशील किंवा आभासी चलनाची गुप्त किल्ली तेथे कधीही लिहू नये, कारण मध्यस्थाला दोन्ही बाजूंचे सारे दिसते आणि ते बदलताही येते. ब्राउझरमधील कुलपाची खूण मध्यस्थापर्यंतचाच रस्ता सुरक्षित असल्याचे सांगते; त्याच्यापलीकडचे काही सांगत नाही. नाव स्वतःच्याच संगणकावर पडताळणारी साधने आहेत. ती वापरली तर मध्यस्थावरचा विश्वास पुष्कळ कमी लागतो, मात्र ती बसवायला थोडी खटपट पडते.

संगणक कक्षात एक सोपा प्रयोग करता येईल. कोणताही पत्ता घेऊन तिरप्या रेघेपूर्वीचा भाग मुलांकडून उजवीकडून डावीकडे वाचून घ्यावा, जसे पाकीट आपण राज्य, जिल्हा, तालुका, गाव असे खालून वर वाचतो. ‘शाळा.ईथ.लिमो’ असे कोठे लिहिलेले दिसले, तर पहिला शब्द येतो ‘लिमो’, मग ‘ईथ’, आणि शेवटी ‘शाळा’. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे मुले मग आपणहून सांगतात.