वाहनतपासणी आणि परराज्यातील मोटारीची नोंदणी : जुन्नर व आंबेगाव तालुके

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील वाहनांची नोंदणी, कायद्याने सक्तीची केलेली योग्यता तपासणी आणि दुसऱ्या राज्यातून कायमच्या आलेल्या मोटारीला महाराष्ट्राचा क्रमांक देणे ही कामे पिंपरी-चिंचवड परिवहन कार्यालयाकडे आहेत. शहराबरोबर मावळ, खेड, आंबेगाव व जुन्नर हे तालुके त्याच्या हद्दीत येतात आणि त्याचा नोंदणी-संकेत एमएच-१४ आहे. कार्यालय मोशीला असल्याने मंचरच्या माणसाला सुमारे ४५, तर जुन्नरच्या माणसाला सुमारे ७५ किलोमीटर जावे लागते. जुन्नर व मंचर येथे कार्यालयाची शिबिरे होतात. त्यांचा मुख्य उपयोग वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी. बोलीभाषेत नोंदणी काय किंवा योग्यता तपासणी काय, दोन्हींना ‘पासिंग’च म्हणतात. कायद्यात मात्र ती दोन वेगळी कामे आहेत आणि सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि १९३९ चा जुना कायदा गेला. त्याच्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कलम ५६ माल किंवा भाड्याने माणसे वाहणाऱ्या गाड्यांसाठी एक पाऊल पुढे जाते : चालू योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर अशा गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. म्हणजे ‘फिटनेस’ संपलेली पिकअप कायद्याच्या लेखी बिननोंदणीची गाडी. दंडही त्याच मापाचा, कलम १९२ खालचा : पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, पुन्हा सापडल्यास १०,००० पर्यंत दंड किंवा कैद.

या कलमाचे वजन दोन्ही तालुक्यांत जाणवते, कारण इथला पैसा चाकांवर फिरतो. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा, मंचरची तरकारी आणि गावोगावचे दूध पिकअप व ट्रकमधून पुणे, वाशी आणि त्याही पलीकडे जाते. आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि माळशेज घाटातून येणारा कल्याण-नगर असे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांत एसटीच्या दोन फेऱ्यांमधली पोकळी जीप भरून काढते. नारायणगावात राहुट्या टाकणाऱ्या तमाशा फडांचे तंबू, रंगमंच आणि माणसे यात्रांच्या हंगामात ट्रक-बसमधूनच गावोगाव जातात. शाळांच्या बसगाड्यांना या तपासणीखेरीज महाराष्ट्राचे २०११ चे स्कूल बस नियमही लागू आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या (१९८९) नियम ६२ मध्ये तपासणीचे वेळापत्रक आहे. नव्या मालवाहू किंवा प्रवासी गाडीला पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, सुकाणू, दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, काचा, सायलेन्सर, धूर आणि वेगमापक पाहतो. मालट्रकला ताशी ८० किलोमीटरला रोखणारा वेगनियंत्रक आहे का, मागून घुसणारे वाहन अडवणारी आडवी पट्टी आहे का आणि परावर्तक टेप नियमाप्रमाणे लावली आहे का, हेही पाहिले जाते. या टेपचे मानक, एआयएस-०९०, पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संशोधन संस्थेच्या मानकमालेतले आहे. प्रत्यक्ष तपासणीच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये ही टेप लावून घेणाऱ्यांची गर्दी असते. तपासणीने निदान एवढे साधते, हेही थोडे नाही.

पूर्वी ब्रेकची परीक्षा कार्यालयाच्या आवारात, कधी नुसत्या नजरेनेही उरकली जाई. पुण्यातील एका नागरिकाने २०१३ मध्ये केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रकार थांबवला. ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा पट्टा असल्याशिवाय योग्यता प्रमाणपत्र देऊ नये, असे न्यायालयाने २०१६ मध्ये बजावले. तरीही पट्टे न झालेल्या कार्यालयांना १ नोव्हेंबर २०१७ पासून हे काम थांबवावे लागले. गाठलेला वेग आणि थांबण्याचे अंतर यांचा हिशोब लागायचा तर गाडी पळवायला जागा हवी, इतकी साधी ही गोष्ट होती. ती अमलात आणायला न्यायालयाची मुदत लागली. तालुक्याच्या गावी शिबिर भरले, तरी पट्ट्याची चाचणी पट्ट्यावरच होते. जुन्नरच्या पिकअपवाल्याचा त्या दिवसाचा धंदा त्यामुळे बुडतो, आणि मुदत टळायला तेवढे कारण पुरते. मुदत टळल्यावर दर दिवसाला ५० रुपये जादा शुल्क घेण्याची केंद्राची तरतूद राज्यात अमलात येताच रिक्षा-टॅक्सीचालकांनी विरोध केला आणि २०२४ मध्ये राज्याने वसुलीला स्थगिती दिली.

पुढची पायरी यंत्राने होणाऱ्या तपासणीची आहे. स्वयंचलित चाचणी केंद्रात गाडी रोलरवर चढते, ब्रेकचा जोर, निलंबन, दिव्यांचा झोत व धूर यांची मोजमापे यंत्र घेते आणि निकाल थेट संगणकात जातो. अशा केंद्रांना मान्यता देण्याचे नियम केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये काढले, पण सक्तीची तारीख पुढे पुढे सरकत राहिली. महाराष्ट्रात अशा केंद्राची सुरुवात नाशिकला झाली. योगायोग असा की, चाकणचे मोटार कारखाने, एआरएआयचे चाकणचे केंद्र आणि बसगाड्यांवर काम करणारी भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था हे सगळे जुन्नर-मोशी रस्त्याच्या टापूतच आहे. नवी गाडी बाजारात आणण्यापूर्वीची देशातली सर्वांत काटेकोर चाचणी या पट्ट्यात होते. जुन्या गाडीची चाचणी इतकी वर्षे निरीक्षकाच्या नजरेवर चालली.

ट्रॅक्टरचे प्रकरण वेगळे आहे. नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हे वाहतुकीचे वाहन मानलेले नाही, म्हणून त्याला दर वर्षाची योग्यता तपासणी नाही. पण ऊसतोडीच्या हंगामात जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारा ट्रॅक्टर शेतीचे काम करतो की वाहतुकीचे? ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून माल वाहिला, तर तो जोड मालवाहू वाहन ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नटवर पारिख कंपनीच्या खटल्यात म्हटले आहे. रस्त्यावर तो निकाल फारसा पोचलेला नाही. रात्री महामार्गावर मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना परावर्तक, बाहेर आलेल्या उसाने उरलेसुरलेही झाकलेले. हंगामाच्या तोंडावर परिवहन खाते आणि कारखाने लाल परावर्तक लावण्याच्या मोहिमा घेतात; दोन्ही तालुक्यांच्या अनुभवात योग्यता तपासणीची खरी फट आहे ती इथे.

खासगी मोटारीला कायदा मालवाहू व प्रवासी गाड्यांच्या उलट टोकाने वागवतो. नवी मोटार एकदा नोंदवली की नोंदणी १५ वर्षे चालते, आणि त्या काळात तिच्या ब्रेककडे कोणी सरकारी माणूस पाहत नाही. पीयूसी ही धुराची तपासणी आहे, सुरक्षिततेची नाही. ती नोंदणीच्या वर्षभरानंतर लागते आणि बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना वर्षभर चालते. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासली जाते. जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी होते. अमेरिकेत हा विषय ज्या-त्या राज्याचा असून टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी मोटारींची सुरक्षा तपासणीच बंद केली. तिथे एका राज्यातून दुसऱ्यात बदली झालेल्या मराठी कुटुंबाला थोड्याच दिवसांत नवी पाटी घ्यावी लागते. भारतात त्यासाठी १२ महिने आहेत.

हा १२ महिन्यांचा हिशोब कलम ४७ मधला. कलम ४६ नुसार एका राज्यातली नोंदणी देशभर चालते, त्यामुळे शिवनेरी किंवा भीमाशंकरला आलेल्या कर्नाटकच्या प्रवाशाला काहीच करायचे नसते. मात्र गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो. बंगळूर वा हैदराबादची नोकरी सोडून गावी परतलेले तरुण, निवृत्त होऊन आलेले जवान आणि दिल्लीकडची जुनी मोटार स्वस्तात घेतलेले शेतकरी असे तिघे प्रामुख्याने या कलमाच्या कक्षेत येतात. दिल्लीच्या गाड्या स्वस्त असण्याचे एक मोठे कारण तिथले निर्बंध होत : १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाने दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला.

काम जुन्या राज्यातून सुरू होते. तिथल्या कार्यालयातून नमुना २८ वर ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते, आणि थकलेला कर वा चलन असेल तर एनओसी अडते. अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर एनओसी दिली असे कायदा मानतो. पण नुसत्या या गृहीतावर पुढच्या कार्यालयात काम रेटणे अवघड असते. मग इकडे नमुना २७ वर नव्या क्रमांकाचा अर्ज करायचा. सोबत आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि चॅसिस क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप. निरीक्षक गाडी पाहतो ती मुख्यत्वे ओळख पटवण्यासाठी : चॅसिस व इंजिनावरचे कोरीव आकडे कागदाशी जुळतात का, रंग तोच आहे का, बाहेरून बसवलेले सीएनजी किट नोंदवले आहे का. ब्रेक लागतो का, हा प्रश्न इथे दुय्यम. घरच्या मोटारीच्या बाबतीत राज्याला गाडी चोरीची नाही ना आणि कर भरला ना, याचीच चिंता जास्त असते, हे या सगळ्या कागदपत्रांवरून सहज दिसते.

कर हाच या व्यवहारातला सर्वांत जड भाग आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या नव्या पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३, आणि डिझेलवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर पडतो. कंपनीच्या नावावरच्या व आयात मोटारींना तो २० टक्के आहे. परराज्यातून आलेल्या वापरलेल्या गाडीला हा कर तिच्या वयाप्रमाणे कमी करून लावतात. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग मागता येतो, पण तो तिकडच्या कार्यालयात, नवी आरसी हाती आल्यावर. एनओसी काढतानाच परताव्याची कागदपत्रे विचारून ठेवली नाहीत, तर काही हजारांसाठी पुन्हा परराज्याची वारी करण्यापेक्षा बरेच जण ते पैसे सोडून देतात.

सतत बदली होणाऱ्यांसाठी केंद्राने १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आणली. संरक्षण दल व सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांचे नोकर तिला पात्र आहेत. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदलले तरी क्रमांक तोच. शेतकरी, व्यापारी व बहुतेक गॅरेजवाले या व्यवस्थेच्या बाहेर राहतात.

पंधरा वर्षे झाली की खासगी मोटारीची पहिली खरी तपासणी येते. नमुना २५ वर अर्ज, निरीक्षण, पर्यावरण कर आणि मग पाच वर्षांची मुदतवाढ. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ६०० वरून ५,००० आणि दुचाकीला ३०० वरून १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० वर गेले. सरकारी गाडीला ही सवलतही नाही : १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी व स्थानिक संस्थांच्या वाहनांची नोंदणी संपते, त्यात पंचायत समितीची जीपही आली. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना क्रमांकाची उच्च सुरक्षा पाटीही सक्तीची झाली; तिची किंमत दुचाकी व ट्रॅक्टरला ४५० आणि मोटारीला ७४५ रुपये, वर जीएसटी. मुदत मार्च २०२५ पासून अनेकदा वाढवावी लागली.

राज्यातल्या राज्यात गाडी हलवली तर क्रमांक बदलत नाही. मुंबईचे डबेवाले आणि वाशीच्या बाजारातले व्यापारी-माथाडी यांच्यातले कितीतरी जण याच तालुक्यांतले; चैत्र-वैशाखातल्या यात्रांना एमएच-०१, ०४ आणि ४३ च्या गाड्यांनी गावच्या वाटा भरतात. त्यांपैकी जो कायमचा गावी येतो, त्याला कलम ४९ खाली ३० दिवसांत आरसीवरचा पत्ता तेवढा बदलून घ्यायचा असतो. बरेच जण तोही बदलत नाहीत, आणि दंडाची चलने ठाण्याच्या जुन्या खोलीवर जात राहतात.