जुन्नरच्या दानलेखांचा साचा

एकच आराखडा सिद्ध करून त्यातील मजकूर व चित्रे पालटीत शेकडो प्रती काढण्याचे काम आता संगणकाकडे आले आहे. फोटोशॉपसारख्या प्रणालीत आराखड्याचे कोणते भाग बदलते, हे एकदा ठरवून द्यावयाचे आणि नावानिशीचा तक्ता जोडावयाचा. मग तक्त्यातील ओळीगणिक एक निराळी प्रत तयार होते. बदल तीन प्रकारचे असतात : अक्षरे पालटणे, चित्र पालटणे आणि एखादा भाग दाखविणे अथवा झाकणे. यंत्र नवे असले तरी साच्याची कल्पना जुनीच आहे. जुन्नरच्या लेण्यांतील प्राकृत दानलेख या दृष्टीने वाचून पाहण्याजोगे आहेत.

भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख १८८१ साली प्रसिद्ध केले, त्यांत जुन्नरचेही आहेत. त्यांतील बहुतेकांची घडण एकच : दात्याचे नाव षष्ठी विभक्तीत, त्यास जोडून गाव, कूळ किंवा व्यवसाय, मग दिलेली वस्तू आणि ‘देयधम’ म्हणजे धर्मार्थ दान हा शब्द. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदताचे दान होय. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, तर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. चिटाच्या लेखात शेवटी ‘संघे’ हा शब्द आहे. इरिलाच्या लेखात तो नाही आणि तेथे ‘देयधम’ वस्तूच्या आधी येतो. पाथरवटाचा हात यंत्राइतका काटेकोर नव्हता, हे बरेच झाले.

परदेशी माणूसही या साच्यात बिनतक्रार बसला. तो यवन होता, हे आज कळते ते केवळ साच्यात कुळासाठी जागा होती म्हणून. इरिल व चिट या दोघांपुढे ‘गत’ हे विशेषणही आहे. त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही.

उलट, ज्याला रकाना नव्हता ते हरपले. लेणे खोदणाऱ्याचे नाव साच्यात नाही. काळही नाही, म्हणून बहुतेक लेखांचा काळ अक्षरांच्या वळणावरून ठरवावा लागतो. मानमोडीच्या डोंगरातील एक लेख मात्र अपवाद आहे. महाक्षत्रप स्वामी नहपान याचा वत्सगोत्री अमात्य अयम याने तेथे पोढी व मंडप दिला. लेखात राजाचे नाव असून वर्ष ४६ असे दिले आहे. राजा व वर्ष नोंदविणे ही अमात्याची दरबारी सवय असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हे वर्ष शकाचे मानल्यास इ. स. १२४ च्या सुमाराचा काळ येतो. नहपानाच्या राज्यारोहणापासूनचे मानल्यास नहपानाबरोबर सातवाहनांचाही कालक्रम मागेपुढे सरकतो. ‘देयधम’च्या ठराविक साच्याबाहेर पडलेल्या या एका आकड्याभोवती हा वाद फिरत राहिला आहे.