कोणतं मास्टर्स घ्यावं? दीडशे वर्षांचा जमाखर्च

मार्च महिना आला की गेटचा निकाल लागतो आणि त्याच सुमारास बाहेरच्या विद्यापीठांची प्रवेशपत्रंही येतात. मग घराघरात वाद सुरू होतो. एमटेक करावं की एमएस? करायचं तर कशात? डेटा सायन्स, स्ट्रक्चर्स की व्हीएलएसआय? मलाही दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. मी रँकिंगच्या याद्या उघडत नाही, कारण रँकिंग बदलत राहतं. त्यापेक्षा आपल्याच भागात अभियांत्रिकीच्या शिक्षणाचं आजवर काय होत आलं, ते सांगतो. त्यातून बरंच उलगडतं.

सुरुवात पुण्यापासून. आपलं सीओईपी 1854 साली एक साधा वर्ग म्हणून सुरू झालं. सरकारला इमारती, कालवे, पूल, रेल्वे यांसाठी हाताखालची माणसं हवी होती, म्हणून तो वर्ग काढला. थोडक्यात, काम आधी ठरलं आणि अभ्यासक्रम नंतर आला. बंगळुरातून बीए होऊन आलेले विश्वेश्वरय्या इथे एलसीई झाले आणि 1884 मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. पुढे 1903 मध्ये खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. हुशारी त्यांची होतीच, पण त्या पदवीच्या दुसऱ्या टोकाला एक ठरलेलं खातं उभं होतं, हेही विसरू नका.

मुंबईचं व्हीजेटीआय 1887 सालचं. तिथे गरज गिरण्यांची होती. सूत, माग, बॉयलर हे सगळं येणारी माणसं गिरणगावाला हवी होती आणि ती या संस्थेनं दिली. जवळजवळ शंभर वर्षं हे गणित चाललं. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. कामगारांचे हाल आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. पण ज्यांनी मुंबईची गिरणी डोळ्यांसमोर ठेवून टेक्स्टाईलचं शिक्षण घेतलं, त्यांच्याही पायाखालची जमीन सरकली, हे फारसं कुणी बोलत नाही. विषय तोच राहिला, संस्थाही चांगलीच होती. नोकरी देणारा मात्र गेला.

परदेशी शिक्षणाचं वेडही आजचं नाही. 1882 साली पुण्याचे केशव मल्हार भट अमेरिकेत बोस्टनच्या एमआयटीत दाखल झाले (आपल्या कोथरूडचं नव्हे, ते शंभर वर्षांनी आलं). तिथे शिकायला गेलेले ते पहिले भारतीय. पुढे 1908 मध्ये लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तेव्हा परदेशात काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कामाला आले. शिकलेल्या माणसाला भट्टी मिळाली आणि भट्टीला माणूस.

शंतनुराव किर्लोस्करांचं उदाहरण तर मी प्रत्येकाला देतो. 1926 मध्ये ते एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. किर्लोस्करवाडीत नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनतच होती. काय शिकायचं आणि कशासाठी, हे जहाजात बसण्यापूर्वीच ठरलेलं होतं. अर्थात वडिलांचा कारखाना सगळ्यांना नसतो. पण हा प्रश्न विचारायला कारखाना लागत नाही.

खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. 1958 मध्ये आयआयटी मुंबई सुरू झाली आणि 1965 मध्ये अमेरिकेनं कायदा बदलून देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. कुशल माणसांना दार उघडलं. आता मास्टर्स म्हणजे नुसतं शिक्षण राहिलं नाही, ते तिकडे जाण्याचं तिकीट झालं. इकडे 1983 मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. गावोगावची मुलं बीई झाली, ही मोठीच गोष्ट. पण बीई सगळेच झाल्यावर वेगळं दिसायला आणखी एक पदवी लागू लागली. 1990 च्या अमेरिकी कायद्यातून आजचा एच-वन-बी व्हिसा आला आणि हे समीकरण पक्कं झालं.

इथेच गोम आहे. विश्वेश्वरय्यांच्या पदवीमागे एक खातं होतं, शंतनुरावांच्या मागे कारखाना. आजच्या कित्येक एमएसमागे काय आहे? एका परक्या देशाचा व्हिसाचा नियम. शिकून झाल्यावर तिथे एक वर्ष काम करता येतं, स्टेम विषय असेल तर आणखी 24 महिने. त्यानंतर लॉटरी. वर्षाला 65 हजार व्हिसा आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांना आणखी 20 हजार. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा नंतर आला, पण मधले काही आठवडे किती घरांत झोप उडाली होती ते मी पाहिलंय. 2001 आणि 2008 ची मंदी ज्यांनी तिथे काढली, त्यांना हे नवं नाही.

आता जमाखर्च. 40 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी घेतलं आणि दहा वर्षांत फेडायचं म्हटलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 55 हजार बसतो. अमेरिकेत पगार सुरू झाला तर तो जड नाही. परत यावं लागलं तर इथल्या नवख्या इंजिनिअरचा अख्खा पगार त्यात जाईल. तारण म्हणून आई-वडिलांचा फ्लॅट किंवा शेत लावलेलं असेल, तर हा प्रश्न एकट्या मुलाचा राहत नाही. उलट बाजूला, गेट देऊन पात्र संस्थेत एमटेकला गेलात तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, म्हणजे दोन वर्षांत तीन लाखांच्या आसपास. त्याच गेटच्या गुणांवर काही सरकारी कंपन्या भरतीही करतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण सरसकट धरू नका. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो आहेत आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही 2024 पासून शुल्क लावलं.

मी एमएसच्या विरोधात नाही. ज्याला खरोखर चिप डिझाइन किंवा रोबोटिक्समध्ये खोल जायचंय आणि तिथली प्रयोगशाळा हवी आहे, त्यानं जरूर जावं. पण दोन अभ्यासक्रमांत निवड करताना हे प्रश्न कागदावर लिहून काढा:

1. या पदवीची माणसं घेणारा कोण? दहा कंपन्यांची नावं लिहिता येतात का, की एकच धंदा आहे, गिरणीसारखा?

2. प्रबंध आणि प्रयोगशाळा आहे की नुसते पेपर? नुसतेच पेपर असतील, तर तेवढं कौशल्य स्वस्तात कुठे मिळतं? पुण्यात सीडॅकचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करून किती तरी जण कामाला लागले.

3. विषयाचं नाव नवं आहे की पाया? नावं दर पाच वर्षांनी बदलतात. गणित, पदार्थविज्ञान, कंट्रोल्स, स्ट्रक्चर्स हे टिकतं.

4. त्या देशानं उद्या दार लावलं, तर ही पदवी चाकण, हिंजवडी किंवा बंगळुरात चालेल का?

5. काहीच जमलं नाही, तर हप्ता कोण भरणार?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर "बघू पुढे" असेल, तर सही करायची थांबा. एक वर्ष नोकरी करा, काम बघा, मग ठरवा. वर्षानं काही बिघडत नाही, कर्जानं बिघडतं.

गेल्या पाच वर्षांत ज्यांनी एमटेक किंवा एमएस केलंय, त्यांनी खाली खरे आकडे लिहावेत: खर्च किती आला, काम मिळायला किती महिने लागले. एजंट ते सांगत नाहीत. यंदा ठरवणाऱ्या मुलांना त्याचाच उपयोग होईल.